आईबाबा पहिल्यांदाच दोघंच लंडनला निघालेत: मुंबईचं टर्मिनल २ त्यांना कसं समजावून सांगाल?

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं: आई ६८ वर्षांची, बाबा ७२, दोघंही साताऱ्याला असतात. मुंबईहून लंडनचं थेट विमान आहे, रात्री २ नंतरचं. सोबत कुणी नाही. आईचे गुडघे दुखतात. बाबांना इंग्रजी वाचता येतं, पण बोलायचं म्हटलं की अवघडतात. टर्मिनलची रचना कशी आहे, आत काय काय मिळतं आणि किती चालावं लागेल, हे तुम्हाला हवं आहे.

मी सहारला, म्हणजे याच विमानतळावर, प्रवासी सेवेत २६ वर्षं काढली, त्यातला मोठा काळ रात्रपाळीत. तुमच्या आईबाबांसारखी जोडपी रोज भेटायची. नव्या पातळात किंवा कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, पासपोर्ट छातीशी धरून उभी असायची. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात तारखेपासून करा, कारण सगळ्यात महाग चूक इथेच होते. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ०२:१५ असेल, तर त्यांनी विमानतळावर यायचं ते १४ च्या रात्री. १५ च्या रात्री जेवूनखाऊन निघालेली आणि २१ तास उशिरा पोहोचलेली माणसं मी पाहिली आहेत. सांगलीकडचं एक जोडपं तर नातवाच्या बारशाला निघालं होतं. चूक कळल्यावर आजी काउंटरसमोर खाली बसल्या, ते दृश्य माझ्या मनातून कधी गेलं नाही. कालनिर्णयवर आईच्या हातानेच १४ तारखेच्या चौकटीत ‘आज निघायचं’ असं लिहून घ्या.

मुंबईची बरीच लांबची विमानं रात्रीच का सुटतात, असं बाबा विचारतीलच. युरोपातल्या अनेक विमानतळांवर रात्री उड्डाणांना बंदी किंवा कडक मर्यादा असते. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणं होत नाहीत, हीथ्रोवरही रात्रीच्या विमानांची संख्या बांधलेली आहे. आपल्याकडून मध्यरात्रीनंतर निघालेलं विमान तिथे सकाळी उतरतं, पुढे जाणाऱ्यांना सकाळची जोडविमानं मिळतात. आखाताकडे जाणारीही बरीच विमानं रात्रीच असतात. म्हणून टर्मिनल २ ची खरी गर्दी रात्री ११ ते पहाटे ४ या वेळेत उसळते. ‘रात्री काय, शुकशुकाट असेल’ असा हिशेब धरून निघू नका. रात्री १० ला टर्मिनलच्या दाराशी असणं या दोघांसाठी योग्य.

आता कोणता विमानतळ. मुंबईतले जुने लोक ‘सांताक्रूझ’ म्हणतात ते टर्मिनल १, विलेपार्ल्याच्या बाजूचं, देशांतर्गत विमानांचं. ‘सहार’ म्हणजे टर्मिनल २. धावपट्ट्या दोघांच्या एकच, पण इमारती वेगळ्या आणि रस्त्याने चार-पाच किलोमीटरचं अंतर. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे आणि साताऱ्याहून येताना तो आधी लागतो. तिकिटावर मुंबईची खूण ‘बीओएम’ आणि नवी मुंबईची ‘एनएमआय’ अशी असते. गाडीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका. ‘सहार, टर्मिनल २, डिपार्चर’ हे तिन्ही शब्द चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात द्या. पश्चिम द्रुतगती मार्गावरून सहारचा उन्नत रस्ता थेट निर्गमनाच्या मजल्यावर नेतो, मध्ये सिग्नल नाही. तो चुकला तर गाडी खालच्या वाटांमध्ये फिरत बसते. मेट्रो ३ चं स्थानक टर्मिनल २ ला झालं आहे आणि हातात एकच पिशवी असणाऱ्याला ते उत्तम आहे. चार मोठ्या बॅगा घेऊन निघालेल्या आईबाबांना मात्र गाडीच बरी.

इमारत डोळ्यांसमोर आणायची तर इंग्रजी एक्स अक्षर आठवा. मधोमध मोठा गाभा, तिथे चेक-इन, इमिग्रेशन, तपासणी. त्या गाभ्यातून लांबलचक हात फुटलेत आणि हातांच्या कडेने विमानं उभी राहतात. हा आकार गरजेतून आला. २०१४ मध्ये हे टर्मिनल उघडलं, पण त्याआधी त्याच जागेला लागून जुनं टर्मिनल चालू होतं आणि ते एक दिवसही बंद ठेवणं शक्य नव्हतं. जुन्याला धक्का न लावता तुकड्या-तुकड्याने बांधता यावं म्हणून वास्तुरचनाकारांनी, म्हणजे स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल यांनी, हा एक्स काढला. आम्ही ती सगळी वर्षं पत्र्यांच्या आडोशांमधून प्रवासी नेले आहेत. या हातांमधल्या काही जागा आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत अशा दोन्ही विमानांसाठी आलटून पालटून वापरता येतात.

मजल्यांचं इतकंच लक्षात ठेवायचं: निघायचं सगळ्यात वरून, चौथ्या पातळीवरून, आणि परत येताना बाहेर पडायचं दुसऱ्या पातळीवरून. गाडीतून उतरून वर पाहिलं की पांढरं, कोरीव वाटणारं छत दिसेल, मोराच्या पिसांच्या नक्षीचं. ते ३० खांबांवर पेललेलं आहे आणि त्याचा विस्तार सुमारे ७०,००० चौरस मीटर आहे. बाबांना बांधकामात रस असेल तर त्यांना हे नक्की पाहायला सांगा. मी इतकी वर्षं त्याखाली उभी राहिले, पण दिवसा उजेड झिरपू लागला की मान वर जायचीच.

आता मुख्य गोष्ट. टर्मिनल म्हणजे एकामागून एक येणारी दारं, आणि ती एकाच दिशेने उघडतात. प्रत्येक दाराशी काहीतरी मागे राहतं. कोणत्या दाराशी काय राहणार हे आईबाबांना आधी ठाऊक असलं, तर त्यांची निम्मी भीती जाते. नकाशा पाठवण्यापेक्षा ही दारं फोनवरून दोनदा म्हणून घ्या.

पहिलं दार रस्त्यालगतचं. तिथे सीआयएसएफचे, म्हणजे विमानतळाच्या सुरक्षा दलाचे, जवान तिकीट आणि पासपोर्ट ताडून पाहतात. इथे सोडायला आलेली माणसं मागे राहतात. तिकीट कागदावर छापलेलं असू द्या, दोघांची वेगळी प्रत. मोबाइलमधलं तिकीट ऐन दाराशी उघडत नाही आणि मागे रांग खोळंबते तेव्हा वयस्कर माणसं फार घाबरतात. डिजियात्राची, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारी, वेगळी रांग दिसेल, ती सध्या देशांतर्गत प्रवासासाठी आहे, त्यांनी तिकडे वळू नये. ट्रॉल्या बाहेरच मिळतात, त्यांचे पैसे नाहीत.

दुसरं दार म्हणजे चेक-इन. या सभागृहात १८८ काउंटर आहेत, म्हणून नजर भिरभिरते. आधी मोठ्या पडद्यावर आपल्या विमानाचा क्रमांक शोधायचा, त्याच्यासमोर काउंटरच्या रांगेचं अक्षर असतं. तिथे मोठ्या बॅगा मागे राहतात. औषधं, चष्मा, तुमचा लंडनचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला कागद, एक स्वेटर आणि दागिने हातातल्या पिशवीतच हवेत. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं आणि त्यानंतर कितीही विनवण्या केल्या तरी समोरच्या मुलीच्या हातात काही उरत नाही. हे मी त्या मुलीच्या बाजूने उभी राहिलेली बाई म्हणून सांगते.

आईच्या पाटल्या आणि जाड गोठ असतील तर अजून एक काम. परत येताना ‘हे सोनं तिकडे घेतलं का’ असा प्रश्न येऊ नये म्हणून, जातानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र करून घेता येतं. नेहमीच्या मंगळसूत्रासाठी एवढं कुणी करत नाही, पण भारी ऐवज असेल तर कराच. इमिग्रेशनच्या रांगेत शिरण्याआधी सीमाशुल्काचा कक्ष विचारायचा. माझं प्रामाणिक मत विचाराल तर भारी दागिने घरीच ठेवलेले बरे.

तिसरं दार इमिग्रेशन. हे ओलांडल्यावर मागे फिरता येत नाही, म्हणून सोडायला आलेल्यांशी शेवटचं बोलणं, राहिलेली चिठ्ठी, गाडीवाल्याचे पैसे हे सगळं त्याआधी. अधिकारी विचारतो ते साधं असतं: कुठे निघालात, कुणाकडे, किती दिवस. बाबांनी मराठीत किंवा हिंदीत उत्तर दिलं तरी चालतं, ही मुंबईच आहे. दोघं एकत्र उभी राहिली तर बहुतेक वेळा एकत्रच बोलावतात. जानेवारी २०२५ पासून मुंबईत आधी नोंदणी केलेल्या भारतीय नागरिकांसाठी यंत्राने उघडणारी झटपट दारंही आली आहेत, पण पहिल्या प्रवासाला माणसाकडे जाणंच त्यांना सोपं पडेल.

चौथं दार सुरक्षा तपासणीचं. आईसाठी पडद्याआड महिला जवान असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मोबाइल, पॉवर बँक, पट्टा, नाणी ट्रेमध्ये. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत अजिबात चालत नाही, ती हातातच हवी.

आणि खाऊ! याच दारांपाशी घराघरातले डबे उघडतात, म्हणून इथे जरा थांबते. सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत टाकू नये. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये मोडतं आणि २०२२ पासून आपल्याकडे त्यावर स्पष्ट बंदी आहे. कोकणातून येणाऱ्या कितीतरी जणांच्या बॅगा यासाठी परत बोलावून उघडाव्या लागल्या आहेत, आणि तोवर प्रवासी आत पोहोचलेला असतो. मिरचीचं लोणचं हातातल्या पिशवीत नेता येत नाही. तूप, तेल, चटणीचा ओला गोळा हे द्रव धरलं जातं आणि हातात १०० मिलिलिटरच्या वरची बाटली चालत नाही. गोडा मसाला, मेतकूट, लसणीची कोरडी चटणी घट्ट बंद करून मोठ्या बॅगेत घाला.

साताऱ्याचे म्हणून मुद्दाम सांगते: कंदी पेढे ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. भारतातून येणारे दुधाचे पदार्थ, खव्याची मिठाई, साजूक तूप हे तिथे प्रवाशांना वैयक्तिक वापरासाठीही आणायला मनाई आहे. मुंबईत कुणी अडवणार नाही, हीथ्रोला उतरल्यावर काढून घेतील, आणि आईने स्वतः जाऊन आणलेला पुडा तिच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात जाईल. त्यापेक्षा चकली, तेलात केलेल्या शंकरपाळ्या, तिळाची वडी, शेंगदाण्याचा लाडू द्या.

चौथ्या दारापलीकडे ड्यूटी-फ्रीची दुकानं, खाण्याच्या जागा आणि शेवटी गेट. इथे आईबाबा चालतील ते अंतर सगळ्यात जास्त. गाभ्यापासून एक्सच्या हाताच्या टोकापर्यंत तरुण माणूस दहा मिनिटांत पोहोचतो. दुखऱ्या गुडघ्यांना वीस-पंचवीस मिनिटं धरा. सरकते पट्टे आहेत, पण त्यांच्यावर चढता-उतरताना पदर किंवा तोल सांभाळावा लागतो. आईला सवय नसेल तर बाजूने चालणं बरं.

यासाठीच व्हीलचेअर. यावर मी सगळ्यात जास्त आग्रह धरते आणि यालाच घरचे सगळ्यात जास्त संकोच करतात. ‘आई चालते की’, असं म्हणतात. चालते, पण घरातल्या घरात. व्हीलचेअरची सेवा विमान कंपनी देते, विमानतळ नाही, म्हणून ती तिकिटावर नोंदवलेली असावी लागते, किमान ४८ तास आधी. नोंदवताना तीन प्रकार असतात. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, तो डब्ल्यूसीएचआर. जिना अजिबात जमत नाही, तो डब्ल्यूसीएचएस. आणि आसनापर्यंत उचलूनच न्यावं लागतं, तो डब्ल्यूसीएचसी. आईसाठी बहुधा पहिला किंवा दुसरा. विमान एरोब्रिजला, म्हणजे गेटपासून विमानाच्या दारापर्यंतच्या पुलाला, न लागता लांब उभं असेल तर बसने जाऊन जिना चढावा लागतो, म्हणून गुडघे फार दुखत असतील तर दुसराच सांगा.

बाबांसाठीही एक नोंदवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच मुंबई विमानतळावर ८० वर्षांचे एक गृहस्थ परदेशातून उतरले. दोघांसाठी खुर्ची मागितली होती, मिळाली एकच. तिच्यावर पत्नी बसली आणि ते शेजारून चालत निघाले. इमिग्रेशनपर्यंत पोहोचता पोहोचता ते कोसळले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. विमान कंपनीला त्याबद्दल ३० लाखांचा दंड झाला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: एकच खुर्ची आली तर दुसरी येईपर्यंत दोघांनीही जागचं हलायचं नाही. विमान चुकेल ही भीती वाटते, पण चेक-इन झालेला आणि खुर्चीची वाट पाहणारा प्रवासी कंपनीच्या नोंदीत असतो आणि त्याला नेण्याची जबाबदारी तिची असते. खुर्ची ढकलणारा मुलगा अनेकदा इमिग्रेशन आणि तपासणीतून सोबत नेतो, म्हणजे इंग्रजीचा प्रश्नही सुटतो. ही सेवा मोफत आहे. कुणी खुशीने काही दिलं तर वेगळं, मागितलं तर देण्याची सक्ती नाही. त्या मुलाला मात्र एक सांगायचं: गेटवरच सोड, मध्येच कुठे नको. गेटचा आकडा बोर्डिंग पासवर आहे तोच आहे ना, हे बाबांनी पडद्यावर ताडून पाहायचं, कारण गेट बदलतात आणि प्रत्येक वेळी मोठ्याने पुकारा होईलच असं नाही.

याहून जास्त सोबत हवी असेल तर ‘प्रणाम’ नावाची पैसे भरून घ्यायची सेवा आहे, त्यात एक माणूस दारापासून गेटपर्यंत बरोबर राहतो. खुर्च्या नीट नोंदवल्या असतील तर तिची गरज पडू नये.

बाकीच्या सोयी पटकन सांगते. तपासणीनंतर पिण्याच्या पाण्याची सोय आहे, रिकामी बाटली बरोबर ठेवा. स्वच्छतागृहं जागोजागी, पण गेटवर बसण्याआधी जाऊन यायचं. औषधांचं दुकान आणि डॉक्टर मिळतात. आत खाणं महाग आहे, घरून पोळी-भाजीचा कोरडा डबा नेता येतो आणि कुणी हसत नाही. लाउंज बाबांच्या कार्डावर मिळत असेल तरी, मध्यरात्री तिथेही रांग असते. विमानाला खूप वेळ असेल तर टर्मिनलच्या आत ट्रान्झिट हॉटेलही आहे, पण त्यांना त्याची गरज नाही. वाय-फायला मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून भारतीय सिम काढून ठेवू नका.

वेळ उरला तर भिंतींकडे पाहायला सांगा. ‘जय हे’ नावाचा कलासंग्रह सुमारे तीन किलोमीटर भिंतीवर पसरलेला आहे. राजीव सेठी यांनी तो मांडला, त्यात देशभरातल्या कारागिरांची हजारो कामं आहेत. जुने दरवाजे, झरोके, रथांचे तुकडे. खुर्चीवरून जाताना आईला हे निवांत दिसेल, घाईतल्या धडधाकट प्रवाशांना दिसत नाही.

आत बसल्यावरही विमान तासभर हललं नाही तर घाबरू नये. मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या एका पट्टीवरून डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजाराहून जास्त विमानं गेली-आली. पावसाळ्यात जोराची सर आली की रांग लांबते. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असतील तर साताऱ्याहून निघताना घाट आणि पनवेलच्या पुढची कोंडी धरून आणखी दोन तास हाताशी ठेवा.

परतीच्या वेळी क्रम उलटा: विमानातून लांब चाल, इमिग्रेशन, सामानाचे पट्टे, सीमाशुल्क, मग दुसऱ्या पातळीवरचं दार. तिकिटावर परतीसाठीही खुर्च्या नोंदवल्यात का, हे आत्ताच तपासा, कारण जाताना नोंदवलेली खुर्ची येताना आपोआप मिळत नाही. बॅगांना एकाच रंगाची ठसठशीत फीत बांधा. आणायला येणाऱ्याने वर निर्गमनाला थांबायचं नाही. बाहेर पडल्यावर आईबाबांनी एका जागी उभं राहून फोन करायचा, शोधायला फिरायचं नाही. ॲपवरच्या गाड्या आणि तुमची स्वतःची गाडी बहुमजली वाहनतळात.

आणि जातानाच्या रात्री जो कुणी त्यांना सोडायला येईल, भाऊ असो की साताऱ्याचा गाडीवाला, त्याला पहिल्या दाराशी निरोप देऊन लगेच घाटाकडे निघू देऊ नका. वाहनतळात दोन तास थांबायला सांगा. एखादी बॅग जड भरली, काही बाहेर काढावं लागलं, आईचा चष्मा गाडीत राहिला, तर घ्यायला दाराशी कुणीतरी हवं. चौथं दार ओलांडून आईबाबा खुर्चीत बसले की बाबा तुम्हाला लंडनला फोन करतील. तो आला की मग गाडीवाल्याला निघायला सांगा.